पावती कुणाच्या नावाची?



गेल्या महिन्यात आमच्या विहाराच्या समितीपुढे एक लिफाफा आला. विहाराची फरशी उखडली आहे हे परिसरातल्या सगळ्यांना माहीत आहे. वर्षावासात ग्रंथवाचनाला बसणाऱ्या म्हाताऱ्या उपासिका घरून पोते घेऊन येतात आणि ते अंथरून बसतात. एका बांधकाम व्यावसायिकाच्या माणसाने येऊन सांगितले, "फरशीचा सगळा खर्च आमच्या साहेबांकडून. पावती नाही फाडली तरी चालेल. एक लहानशी पाटी लावा, झाले." मंडळातली तरुण मुले खुश झाली. मी म्हणालो, पुढच्या बैठकीत ठरवू. त्यावर एकजण मला म्हणाला, "काका, तुम्हाला नेहमी नाहीच म्हणायचे असते."

मुलाचे अगदीच चूक आहे असे नाही. पण माझ्या 'नाही'ला एक जुने कारण आहे आणि ते या सदरात एकदा सांगून टाकायला हवे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी जयंती उत्सव समितीचा खजिनदार होतो. बी. कॉम. झालेला, कचेरीत दिवसभर आकडेमोड करणारा माणूस म्हणून वहीखाते माझ्याकडे आले. त्या वर्षी स्टेज, मंडप, लाऊडस्पीकर सगळेच महागले होते आणि घरटी शंभर रुपये वर्गणी पुरेना. तेव्हा एका बिल्डरने एक्कावन्न हजार दिले. मी स्वतः पावती फाडली, सही केली, शिक्का मारला. मिरवणूक झोकात झाली. पुढच्या वर्षी त्याच बिल्डरने वस्तीमागच्या मोकळ्या भूखंडाला पत्रे ठोकले. तो भूखंड विकास आराखड्यात बालवाडी आणि वाचनालयासाठी राखलेला होता. आरक्षण कधी बदलले, सूचना कधी निघाली, हरकती कधी मागवल्या, आम्हाला पत्ताही नाही. सभा बोलावली तर कार्यकर्ते जमिनीकडे बघत बसले. कोपऱ्यातून एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "पावत्या फाडणाऱ्यांनो, आता का तोंड शिवलं?" माझे नाव त्यांनी घेतले नाही. घ्यायची गरजही नव्हती. आज तिथे सात मजली इमारत उभी आहे आणि आपली मुले रस्त्यावर क्रिकेट खेळतात.

ही आपल्या गल्लीतली पावती झाली. आता मोठ्या पावत्यांकडे वळू, कारण त्यांचा हिशेब तर आपल्याला कोणी दाखवतच नाही.

आपल्या देशात १९७६ साली एक कायदा झाला. परक्या देशातून येणारा पैसा राजकीय पक्षांनी घ्यायचा नाही, असा त्याचा रोख होता. कारण साधे आहे. ज्याचा पैसा त्याचे ऐकावे लागते. पुढे वेदांत या लंडनच्या कंपनीच्या इथल्या उपकंपन्यांनी काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांना देणग्या दिल्या. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली आणि २८ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की, या देणग्या सकृद्दर्शनी कायद्याचा भंग करणाऱ्या आहेत, सरकारने आणि निवडणूक आयोगाने कारवाई करावी. मग काय झाले? कारवाई झाली नाही, कायदाच बदलला. २०१६ च्या वित्त कायद्यात 'परकीय' या शब्दाची व्याख्या फिरवली. एखाद्या धंद्यात परकीय गुंतवणुकीची जी मर्यादा सरकारने ठरवली असेल, तिच्या आत राहणारी कंपनी परकीय समजायची नाही, असे ठरले. आणि हा बदल २०१० सालापासून लागू केला. पण काही देणग्या त्याच्याही आधीच्या होत्या. तेव्हा २०१८ मध्ये ती तारीख आणखी मागे ढकलून थेट १९७६ वर नेली. मार्च २०१८ मध्ये लोकसभेत हे वित्त विधेयक चर्चेशिवाय मंजूर झाले.

मी कारकून माणूस. माझ्या कचेरीत मी दोन वर्षांपूर्वीच्या व्हाऊचरवर आज पेनाने तारीख बदलली तर दुसऱ्या दिवशी मला निलंबनाचा कागद मिळेल. इथे बेचाळीस वर्षे मागची तारीख बदलली आणि त्यासाठी कोणाला साधा मेमोही निघाला नाही. ज्या दोन पक्षांचे सभागृहात कशावरच एकमत होत नाही, त्यांचा फायदा मात्र त्या एका कलमात एकत्र नांदला.

याच काळात निवडणूक रोखे आले. २०१७ पूर्वी कंपनीला तिच्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता येत असे आणि कोणत्या पक्षाला किती दिले ते नफातोटा पत्रकात लिहावे लागत असे. २०१७ च्या वित्त कायद्याने मर्यादाही काढली आणि नाव लिहिण्याचे बंधनही काढले. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा देणगी देऊ शकत होती! तोट्यातला माणूस दुसऱ्याला पैसे का देतो, हे किराणा दुकानात उधारीची वही असणाऱ्या कोणालाही विचारा. २०१८ पासून स्टेट बँकेतून हे रोखे विकले गेले. हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंतचे रोखे होते, पण रकमेने पाहिले तर नव्वद टक्क्यांहून अधिक विक्री एक कोटीच्या रोख्यांची झाली. तुमची-माझी देणगी त्यात नव्हती हे उघड आहे. एकूण सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ही सगळी योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला माहितीचा अधिकार आहे, असे सांगितले. मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. सर्वात मोठा वाटा भाजपला मिळाला होता, पण बाकीचे मोठे पक्षही उपाशी नव्हते. देणाऱ्यांमध्ये खाणी, वीज, पोलाद, रस्ते-पूल बांधणाऱ्या कंपन्या ठळकपणे दिसल्या. एकट्या वेदांतचा आकडा सुमारे ४०० कोटींचा होता. अमुक देणगी दिली म्हणून अमुक डोंगर मिळाला, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही, आणि पुराव्याशिवाय बोलायचे नाही हे मी खतावणी लिहिताना शिकलो आहे. पण ज्यांचा धंदाच सरकारच्या परवानगीवर चालतो, जमीन, जंगल, पाणी आणि जमिनीखालचे खनिज सरकारच्या सहीने ज्यांच्या हातात पडते, तेच सत्तेच्या पेटीत सर्वात जास्त का टाकतात, हा प्रश्न विचारायला पुरावा लागत नाही.

आता डोंगराकडे जाऊ. ओडिशातल्या रायगडा आणि कालाहंडी जिल्ह्यांत नियमगिरी नावाची डोंगररांग आहे. तिथे डोंगरिया कोंध आदिवासी राहतात. उतारावर अननस, हळद, संत्री पिकवतात. डोंगराच्या माथ्यावर बॉक्साइट आहे, ज्यापासून ॲल्युमिनियम होते. या बॉक्साइटच्या थरात पावसाचे पाणी स्पंजासारखे मुरते आणि वर्षभर झऱ्यांनी खाली येते. वंशधारा नदी याच भागात उगम पावते. वर खाण खणली तर खाली पाण्याचे काय होईल, हे तिथल्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. पायथ्याशी लांजीगड येथे वेदांतने रिफायनरी उभी केली, आणि डोंगरावरच्या खाणीला वनखात्याची अंतिम परवानगी मिळायच्या आधीच उभी केली. आधी चूल मांडायची आणि मग म्हणायचे, आता लाकडे नाही दिलीत तर आमचे नुकसान होते! ही रीत आपल्याकडच्या अनधिकृत बांधकामांतही आपण पाहतो. फरक एवढाच की गरिबाची झोपडी पाडली जाते.

२०१० साली सक्सेना समितीच्या अहवालानंतर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खाणीला परवानगी नाकारली. ओडिशा सरकारचे खाण महामंडळ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. लोकांनी निवडून दिलेले सरकार लोकांच्या विरुद्ध कंपनीसाठी वकील लावते, हे इथे लक्षात घ्यावे. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे तिथल्या ग्रामसभांनी आपल्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचा विचार करून म्हणणे मांडावे. डोंगराच्या आसपास शंभरावर वस्त्या असताना राज्य सरकारने त्यांतली फक्त बारा गावे निवडली. लहान लहान पाडे. बारा ठिकाणी जुळवून घेणे सोपे, असा हिशेब असावा. जुलै-ऑगस्ट २०१३ मध्ये जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर, बंदोबस्तात, एकेक सभा झाली. निरक्षर बायाबापड्यांनी उठून सांगितले की हा डोंगर आमच्या नियमराजाचा आहे, तो विकायला नाही. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने अंतिम नकार कळवला.

काही वाचक म्हणतील, देवाचा डोंगर, नियमराजा, हे आपल्या बुद्धिवादात कसे बसते? मलाही प्रथम ते खटकले. पण त्यांचा नियमराजा म्हणजे झरे तोडू नका, माथ्यावरची झाडे तोडू नका, एवढेच सांगणारा दिसतो. ज्याच्या नावाने दक्षिणा घेणारा पुरोहित नाही आणि ज्याच्या नावाने कोणाला पाण्यावरून हाकलले जात नाही, त्याच्याशी माझे भांडण नाही.

दुसरा प्रश्न मात्र जास्त महत्त्वाचा आहे. आमच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी मला विचारले, "दादा, आपल्या नळाला सकाळी वीस मिनिटं पाणी येतं. त्या ओडिशाच्या डोंगराचं काय घेऊन बसलात?" मी त्यांना उत्तर देऊ लागलो आणि ते भाषण होऊ लागले, तेव्हा थांबलो. आता लिहून सांगतो.

ताई, त्या डोंगरात आपलेही लोक आहेत. कोंधांच्या शेजारी डोंब समाजाची वस्ती असते. ते अनुसूचित जातीचे. त्यांच्याकडे बहुधा जमीन नाही, डोंगरावरचा माल बाजारात नेऊन ते पोट भरतात. डोंगर गेला तर नुकसानभरपाई सातबारावर नाव असलेल्याला मिळते, ज्याचे नाव कोणत्याच कागदावर नाही त्याला काही मिळत नाही. आपल्याकडे धरणे झाली, औष्णिक वीज केंद्रे झाली, तेव्हा गावकुसाबाहेरच्या वस्तीचे काय झाले ते आठवा. गाव पुनर्वसनात गेले, आपला माणूस पोटाला म्हणून मुंबईच्या झोपडपट्टीत आला. ज्या नळाला वीस मिनिटे पाणी येते, त्या नळापाशी आपण कसे आलो याची सुरुवात अशीच कुठेतरी आहे.

आणि हे तिथे संपलेले नाही. त्याच दोन जिल्ह्यांत सिजिमाळी नावाचा दुसरा डोंगर आहे. २०२३ मध्ये तिथल्या बॉक्साइटसाठी वेदांतची निवड झाली. तिथे दलित आणि आदिवासी मिळून विरोध करत आहेत, अनेकांना अटका झाल्या. ग्रामसभांनी होकार दिल्याचे ठराव कागदावर आहेत, पण त्यावरच्या सह्या आणि अंगठे खोटे आहेत अशी गावकऱ्यांची तक्रार आहे. नियमगिरीत सभा उघड्यावर झाल्या, म्हणून नकार नोंदवला गेला. यावरून कोणी काय धडा घेतला ते दिसतेच आहे.

कागद आणि हक्क यांचे हे नाते आपल्याला नवे नाही. मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये बोले ठराव झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे चालत तळ्यापर्यंत गेली, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्यानंतरही उच्च न्यायालयातला निकाल यायला १९३७ उजाडले. सार्वजनिक तळे कोणाच्या मालकीचे, हाच तो खटला होता. आपल्या चळवळीची सुरुवात पाण्याच्या मालकीपासून झाली, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो आणि पाण्याचा, जमिनीचा, खाणीचा विषय आला की म्हणतो, हा पर्यावरणवाल्यांचा विषय आहे.

बाबासाहेबांनी तो पर्यावरणवाल्यांवर सोडला नव्हता. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा राज्याकडे असावा, शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि जमीन जातिभेद न करता कसायला द्यावी, असे मांडले. विशेष म्हणजे हे सगळे संविधानातच लिहून ठेवावे, म्हणजे उद्या ज्याचे बहुमत येईल त्याला ते मोडता येणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. वर सांगितलेला २०१६ आणि २०१८ चा तारखांचा खेळ वाचून मला या आग्रहाचा अर्थ नव्याने कळला. तो भाग संविधानात आला नाही. मार्गदर्शक तत्त्वांत कलम ३९ (ख) आले. समाजाच्या भौतिक साधनांची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताला पोषक होईल असे वाटले जावे, असे ते कलम सांगते. त्याचा अर्थ लावणारा मोठा निकाल ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींनी दिला, आणि तो खटला मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त चाळींवरून सुरू झाला होता, हे आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. बहुमताने असे ठरले की प्रत्येक खाजगी मालमत्ता समाजाचे साधन ठरत नाही, पण साधनाचे स्वरूप काय, त्याचा लोकांच्या हिताशी संबंध किती, ते किती दुर्मिळ आहे आणि ते मूठभरांच्या हाती एकवटले तर काय होईल, हे पाहून ठरवायचे. या कसोट्या पाणी, जंगल आणि खनिज यांना लावून पाहायला वकील लागत नाही.

सरकारच्या मालकीचे झाले म्हणजे सगळे ठीक, असेही मी भोळेपणाने मानत नाही. कोळसा तर सरकारचाच होता. १९९३ ते २०११ या काळात कोळशाचे पट्टे लिलाव न करता कंपन्यांना वाटले गेले. त्यात निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २१८ पैकी २१४ पट्टे रद्द केले. मालकी राज्याची असली तरी राज्य कोणाचे, हा प्रश्न उरतोच.

रोहिणी नदीची गोष्ट आपल्या घरातल्या मुलांनाही पाठ असते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून हीच पाण्याची तंटाबखेड्याची हकिकत दिली आहे. म्हातारा, आजारी, प्रेत पाहिले म्हणून तो गेला, ही जुनी कथा त्यांनी बाजूला ठेवली. शाक्य आणि कोलीय दोघे रोहिणीचे पाणी शेतीला घेत. पहिले पाणी कोणाचे यावरून मारामारी झाली. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने सुचवले की दोघे त्यांचे, दोघे आपले, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशांनी तंटा मिटवावा. सूचना प्रचंड बहुमताने पडली. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला. आदल्या दिवशी ज्यांनी सिद्धार्थाच्या बाजूने मत दिले होते, ते त्या दिवशी गप्प बसले. मग सेनापतीने त्याला ऐकवले की संघ तुझ्या घराण्यावर बहिष्कार टाकू शकतो, तुमच्या जमिनी जप्त करू शकतो. मला दरवेळी हा भाग वाचताना ते गप्प बसलेले लोक दिसतात. त्यांच्याही जमिनी असणार. आमच्या त्या सभेतले आम्ही तेच होतो. आमच्याकडे तर जमिनीही नव्हत्या, फक्त एक पावती होती.

त्या भूखंडाच्या प्रकरणानंतर मी खजिनदारपद सोडले होते. पुढे तीन वर्षांनी लोकांनी पुन्हा दिले तेव्हा एक ठराव करून घेतला. एका घराकडून किंवा एका व्यक्तीकडून वर्षाला हजार रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. प्रत्येक देणगीचे नाव आणि आकडा विहाराच्या फळ्यावर खडूने लिहायचा आणि तो महिनाभर पुसायचा नाही. मिरवणूक त्यामुळे लहान झाली, डीजे गेला, आणि काही तरुण दुसऱ्या मंडळात गेले. हे नुकसान खरे आहे, ते मी लपवत नाही. पण मागच्या वर्षी पाण्याच्या टाकीचा प्रश्न निघाला तेव्हा प्रभाग कचेरीवर पंच्याऐंशी बायका आल्या. तिथल्या अधिकाऱ्याने विचारले, "तुमच्यामागे कोण आहे?" तर एक मावशी म्हणाल्या, "आमच्यामागं? रांगेतली पुढची बाई."

टाकीचे काम अजून झालेले नाही. अर्जाची पोच माझ्याकडे आहे.

आता फरशी. गवंड्याने काढलेला अंदाज एक लाख चाळीस हजारांचा आहे. कडप्पा घातला तर थोडा कमी होईल. खात्यात शिल्लक तेवीस हजार सहाशे. बिल्डरच्या माणसाचा फोन दोनदा येऊन गेला. ठराव बदलावा अशी नऊ जणांनी सह्या करून लेखी मागणी दिली आहे, त्यांत माझा पुतण्याही आहे. येत्या रविवारी सकाळी त्रिसरण-पंचशील झाल्यावर बैठक आहे, मतदान हात वर करून होईल. ज्या आजींनी त्या दिवशी मला पावतीवरून विचारले होते त्या आता नव्वदीच्या घरात आहेत, गुडघे धरले आहेत. त्यांना खुर्चीवर बसवून आणायचे, असे त्यांच्या नातीने मला काल सांगितले. येताना त्या पोतेही घेऊन येणार आहेत म्हणे.